कागदावरील अदृष्ट

यज्ञ आटोपला, समिधांची राख झाली, यजमान घरी परतला. मग मरणोत्तर मिळावयाचे स्वर्गफल इतक्या काळानंतर कशातून निपजते, या प्रश्नाने मीमांसकांस ‘अपूर्व’ नावाची एक अदृश्य शक्ती मानावयास भाग पाडले, आणि त्या कल्पनेची थट्टा करणाऱ्यांनी प्रयोगशाळेत तपासावयास आलेले एखादे जुने गहाणखत एकवार पाहावयास हवे होते, असे मला वाटते.

कागदास बोट लागते तेव्हा घामातील पाणी लवकरच उडून जाते. परंतु त्यातील अत्यल्प अमिनो आम्ले तंतूंस अशी बिलगतात की, दस्तऐवज कोरडा राहिला तर दफ्तरात वर्षानुवर्षे पडूनही ठशाची रेषा सहसा ढळत नाही. ठसे उघडे करण्याच्या इतर रीतींत हा टिकाऊपणा नाही: सिल्व्हर नायट्रेट घामातील मिठावर काम करते, आणि मीठ दमट हवेत पसरते. आयोडीनच्या वाफेने उमटलेला तपकिरी ठसा तर पाहता पाहता विरतो. 1910 साली केंब्रिज येथे झीगफ्रीड रूहेमान या रसायनवेत्त्यास निनहायड्रिन हे द्रव्य गवसले व अमिनो आम्लांशी त्याचा संयोग होऊन जांभळा रंग उमटतो हेही त्याने नोंदविले. तरी त्या रंगाने कागदावरील ठसे उघडे करता येतील, हे स्वीडनमधील ओडेन आणि फॉन हॉफस्टेन यांनी सुचविण्यास 1954 साल उजाडावे लागले. मधली चव्वेचाळीस वर्षे द्रव्य होते, ठसेही होते. गाठ तेवढी पडत नव्हती.

येथे नैयायिक सरसावेल. अपूर्वाच्या जागी तो मानतो ते अदृष्ट जड आहे, चेतन अधिष्ठात्यावाचून ते फळास येत नाही, हा त्याचा जुना सिद्धान्त. आणि ठसाही परीक्षकाची वाट पाहत मुकाट पडलेला असतोच की! मीमांसक उत्तर देईल की, परीक्षकाने ठसा दाखविला, घडविला नाही. माझा कौल या मुद्द्यापुरता मीमांसकाकडे आहे.

मात्र दोघांचेही लक्ष फलाकडे लागलेले असल्यामुळे कर्त्याचा प्रश्न मागे राहतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव अशी पाच कारणे सांगितली आहेत. त्यांपैकी निनहायड्रिनच्या हाती लागते ते केवळ करण. सावकाराने कुळाचा हात धरून कागदावर दाबला काय, किंवा कुळाने राजीखुशीने अंगठा उठविला काय, रेषा त्याच उमटतात. पाकीट चोराने हाताळले की टपाल्याने, हे जांभळा रंग सांगत नाही, आणि बोट कोणत्या दिवशी लागले हेही त्यावरून ठरविता येत नाही. चित्रगुप्ताच्या वहीचा धाक वाटतो तो तिच्यात हेतूही टिपला जातो या श्रद्धेमुळे. आपला परीक्षक त्या मानाने गरीब कारकून: अमुक बोट अमुक कागदास लागले होते, इतकेच तो अहवालात लिहितो, आणि बनावटगिरी कोणी केली याचा निवाडा न्यायाधीशावर सोडून मुद्देमाल परत पाठवितो.