ताटावरचा आळ

परवा घरच्या केळवणात सतरा वर्षांच्या भाचीनं जिलबी परत केली आणि मठ्ठाही. दूध तर तिनं महिन्यापूर्वीच सोडलंय. मुरमांसाठी मोबाइलवरच्या कुणा 'स्किन कोच'नं सांगितलं म्हणे, इन्सुलिन वाढतं म्हणून. "आम्ही कधीचं सांगतोय, उष्ण खाऊ नकोस," आजीनं लगेच जोडून दिलं. आजीची उष्णता आणि कोचचं इन्सुलिन यांचं एका गोष्टीवर एकमत होतं: मुरूम आले, म्हणजे तू काहीतरी खाल्लंस. शेजारी तिचा भाऊ सहावी जिलबी संपवत होता. त्याचा चेहरा नितळ, म्हणून त्याला कुणी काही विचारलं नाही.

तारुण्यपीटिका या आपल्या शब्दात वय आहे, पदार्थ नाही. सुश्रुतानंही या पुळ्यांना सावरीच्या काट्यांची उपमा दिली, त्या तरुणांच्या तोंडावर येतात असं म्हटलं आणि कफ, वात, रक्त यांकडे बोट दाखवलं. दोष आहारानं बिघडतात हे आयुर्वेद मानतोच. पण तिथं कुणा एका खाऊवर आळ नाही. तो पुढे घराघरांत आला. पाश्चात्त्य डॉक्टरही विसाव्या शतकात बराच काळ मुरमांवर चॉकलेट आणि तळकट बंद करत.

सगळ्यांची गल्लत होते ती १९६९ साली. अमेरिकेत फुल्टन, प्लेविग आणि क्लिगमन या संशोधकांनी ६५ जणांना रोज एक वडी खायला दिली. त्यांत किशोरवयीन रुग्ण होते, तसेच तुरुंगातले तरुण कैदीही. आळीपाळीनं चार-चार आठवडे: एकदा नेहमीच्या दसपट चॉकलेटची वडी, एकदा बिनचॉकलेटची. ४६ जणांत फरक पडला नाही, १० सुधारले, ९ बिघडले. चॉकलेट सुटलं. पण पाठ्यपुस्तकांत पोचेपर्यंत 'चॉकलेटनं होत नाही'चं 'खाण्यानं होत नाही' झालं आणि पुढची तीसेक वर्षं तेच चाललं.

आज हा प्रयोग निघाला की लोक हसतात: चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेचा पैसा होता ना! होता. पण पैशावर बोट ठेवलं की खरी गोम निसटते. बिनचॉकलेटच्या वडीतही साखर होती आणि कोकोच्या चरबीच्या जागी वनस्पतिजन्य चरबी. प्रश्न कोकोचा होता, उत्तरही कोकोचंच आलं. साखरेला कुणी विचारलंच नव्हतं. ऐकणाऱ्यांनी मात्र एका पदार्थाच्या सुटकेत सगळं ताट सोडून दिलं.

पुढे प्रश्नच बदलला. २००२ साली कॉर्डेन या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी पापुआ न्यू गिनीतल्या किटावा बेटावरची १२०० माणसं तपासल्याचं मांडलं. मुरूम एकालाही नव्हते. मग कोणता पदार्थ, याऐवजी एकूण आहार कसा, असं विचारलं जाऊ लागलं. २००७ साली मेलबर्नमध्ये ४३ तरुणांवर १२ आठवडे प्रयोग झाला. रक्तातली साखर सावकाश वाढवणारं जेवण घेणाऱ्यांच्या पुळ्या सरासरी २३-२४ नी घटल्या. मात्र त्यांचं वजनही उतरलं होतं, तेव्हा श्रेय कुणाचं हे सांगणं अवघड. शिवाय तसं जेवण न घेणाऱ्या दुसऱ्या गटाच्याही १२ कमी झाल्या. हा दुसरा आकडा कोच सांगत नाही. दुधाविरुद्धचा पुरावा तर बराचसा निरीक्षणांचा; एका मोठ्या पाहणीत अमेरिकी नर्सेसनी शाळेच्या वयातलं खाणंपिणं आठवून सांगितलं होतं.

म्हणजे आहाराचा हात आहे, पण हलका. संशोधन पदार्थाकडून आहाराकडे गेलं आणि आपण मोबाइलवर त्याला पुन्हा पदार्थाकडे ओढून आणलं. १९६९ मध्ये एका पदार्थावरून सगळा आहार निर्दोष ठरवला. आता आहाराविषयीच्या जेमतेम पुराव्यावरून एकेक पदार्थ दोषी ठरतोय. उडी तीच, दिशा उलटी.

साखर कमी करायला माझी हरकत नाही, त्याची इतर कारणं भरपूर आहेत. पण अडॅपलिनसारखं मलम लावून फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात, आणि तेवढ्या काळात भाचीच्या ताटावर नजर ठेवण्याचं काम घरात कुणाला उरत नाही. जिलबी नाकारली की सगळ्यांना लगेच काहीतरी केल्यासारखं वाटतं. भाचीला मी त्वचारोगतज्ज्ञाची वेळ घेऊन दिली. आजीला अजून मठ्ठ्याचाच संशय आहे.