सरळ पाइपचा प्रश्न

डिझेल इंजिनातील जळालेला वायू टर्बोचार्जरची पाती फिरवून बाहेर पडतो, तेव्हा त्याला गाडीच्या पोटाखालील सायलेन्सरपर्यंत उतरवणारी जी पहिली नळी असते तिला डाऊनपाइप म्हणतात. पिकअपसारख्या मालवाहू गाडीत या नळीला उष्णता आणि हादरे दोन्ही सोसावे लागतात, कारण इंजिन रबरी माउंटिंगवर सतत हलत असते, तर सायलेन्सर चासीला टांगलेला असतो. या दोहोंच्या हालचालींतील फरक झेलण्यासाठी नळीच्या मध्ये पोलादी तारांनी मढवलेला एक लवचिक तुकडा बसवलेला असतो, ज्याला गॅरेजमध्ये ‘फ्लेक्झिबल’ म्हणतात. माउंटिंग थकले की फ्लेक्झिबल फाटते, जोडावरचे पॅकिंग जळते, धूर केबिनमध्ये शिरू लागतो आणि नळी बदलण्याची वेळ येते. गंजून जाम झालेले नट गॅसच्या ज्योतीने तापवून सोडवावे लागतात, एखादा स्टड तुटतोही. परंतु जुन्या गाडीत हे काम कष्टाचे असले तरी त्यात नैतिक पेच असा काही नव्हता.

पेच निर्माण झाला तो १ एप्रिल २०२० पासून, म्हणजे भारतात नव्या वाहनांना बीएस-६ ही उत्सर्जन मानके लागू झाल्यापासून. त्यानंतरच्या अनेक डिझेल गाड्यांत डाऊनपाइपच्याच वाटेवर, टर्बोला लागून, दोन उपकरणे बसवलेली असतात. पहिले ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट, ज्यातील प्लॅटिनम आणि पॅलेडियमच्या लेपावर कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले इंधन यांचे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते. दुसरे डीपीएफ, म्हणजे काजळीचे सूक्ष्म कण भिंतींत अडकवून ठेवणारा सच्छिद्र सिरॅमिकचा गाळक. ही उपकरणे बिघडली किंवा तुंबली तर मूळ कंपनीचा संपूर्ण भाग साध्या नळीच्या कितीतरी पट महाग पडतो, आणि म्हणून दोन्ही काढून टाकून तेथे मोकळी नळी जोडण्याची, म्हणजे ‘सरळ पाइप’ टाकण्याची, मागणी येते. पुढील संवादातील दोन्ही व्यक्ती कल्पित आहेत: एक पुणे-नाशिक महामार्गावर सायलेन्सरचे काम करणारे मिस्त्री, आणि दुसरे जुन्नर तालुक्यातील एक निवृत्त गुरुजी, ज्यांच्या पुतण्याने आपल्या पिकअपला सरळ पाइप टाकून घेण्याचे ठरवले आहे.

मिस्त्री : गुरुजी, तुमचा पुतण्या पहाटे बांधाबांधावरून टोमॅटोचे क्रेट गोळा करून नारायणगावच्या बाजारात पोहोचवतो. फिल्टर तुंबला की इंजिनाचा संगणक ताकद कमी करतो, भरलेली गाडी चढाला अडते, आणि माल तर थांबत नाही. कंपनीचा भाग घ्यायचा म्हटले तर गाडीचे कित्येक हप्ते त्या एका भागात जातात; सरळ पाइप टाकून मॅपिंग केले, म्हणजे त्या संगणकातला प्रोग्रॅम बदलला, तर गाडी संध्याकाळी भाड्याला लागते. हवा सगळ्यांची आहे ना? मग तिचे बिल एकट्या त्याच्या नावावर का फाडायचे?

ही पळवाट आहे असे समजून हा युक्तिवाद बाजूला सारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. स्वच्छ हवेचा लाभ सर्वांना आणि तिचा खर्च मात्र दुरुस्तीच्या दिवशी ज्याची गाडी उभी आहे त्याला, ही वाटणी न्याय्य नाही, हे गुरुजींनाही मान्य करावे लागले.

गुरुजी : वाटणी चुकीची आहे, मिस्त्री, यात वाद नाही. पण फिल्टर काढला म्हणजे खर्च नाहीसा होत नाही, तो दुसऱ्याकडे जातो. बाजाराच्या आवारात गाडी चालू ठेवून उभी राहते तेव्हा तिच्यामागे क्रेट उचलणारे हमाल असतात, माल निवडणाऱ्या बायका असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला. त्या बायकांना कोणी विचारले का, की भाड्यातला वाटा त्यांना मिळतो? आपल्यावर झालेला अन्याय आपल्याहून दुबळ्यावर ढकलण्याचा हक्क कोणत्या न्यायाने मिळतो?

मिस्त्री : एका गाडीच्या धुराने कोण आजारी पडले, हे कोणता डॉक्टर दाखवून देईल? रस्त्यावर हजारो गाड्या धावतात.

येथे संवाद नीतिशास्त्रातील एका ओळखीच्या अडचणीपाशी येतो. ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी १९८४ मधील आपल्या ग्रंथात असा विचार मांडला की, प्रत्येकाच्या कृतीचा परिणाम स्वतंत्रपणे जाणवण्याइतका मोठा नसला, तरी अशा अनेक कृती मिळून गंभीर हानी करत असतील तर त्यांपैकी प्रत्येक कृती चूक असू शकते. हानी जाणवत नाही एवढ्यावरून ती नाही असे ठरत नाही. याचे आकड्यांतील रूप अमेरिकेत पाहायला मिळते, जेथे पिकअपचे कॅटॅलिस्ट आणि फिल्टर काढण्याचा मोठा धंदाच उभा राहिला होता. तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये असा अंदाज मांडला की आदल्या दशकभरात सुमारे साडेपाच लाख डिझेल पिकअपमधील उत्सर्जन नियंत्रण काढले गेले, आणि त्यांच्यामुळे वाढलेले प्रदूषण नियमात बसणाऱ्या सुमारे ९० लाख जादा गाड्या रस्त्यावर आणण्याइतके होते. यांतल्या प्रत्येक मालकाने आपली गाडी एकच आहे असेच म्हटले असणार. भारतातही हलक्या मालवाहू गाड्यांतील जड वर्गासाठी काजळीकणांची मर्यादा बीएस-४ मधील किलोमीटरमागे ६० मिलिग्रॅमवरून बीएस-६ मध्ये साडेचार मिलिग्रॅमवर आली. ही घट प्रामुख्याने त्या सिरॅमिकच्या गाळकाच्या बळावर गाठली जाते, आणि तो काढला की तिच्यावर पाणी पडते.

मिस्त्री : पण गुरुजी, सरळ पाइपची गाडीही पीयूसीत पास होते. सरकारच पास म्हणते, तर नापास म्हणणारे आपण कोण?

हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे, म्हणूनच ते अस्वस्थ करणारे आहे. डिझेल गाडीच्या पीयूसी तपासणीत मोकळ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबून धुराची दाटता मोजली जाते. कणांची संख्या आणि नायट्रोजन ऑक्साइड त्या यंत्राला दिसत नाहीत, आणि आधुनिक इंजिनाचे सर्वांत घातक कण इतके बारीक असतात की ते डोळ्यालाही दिसत नाहीत. त्यामुळे कागद खरा आणि गाडी खोटी अशी अवस्था होऊ शकते. कायदा मात्र त्या यंत्राहून व्यापक आहे: मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८२अ(४) नुसार परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या वाहनमालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरफारासाठी पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात, आणि कलम १९०(२) नुसार प्रदूषणाचे मानक मोडणारी गाडी चालवल्यास पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

मिस्त्री : आणि मोठ्या कंपन्यांचे काय? २०१५ मध्ये फोक्सवॅगनने जगभर सव्वा कोटीच्या आसपास गाड्यांत तपासणी ओळखणारे सॉफ्टवेअर घातलेले सापडलेच ना?

गुरुजी : एक कोटी दहा लाखांच्या आसपास, मिस्त्री, पण मुद्दा तुमचा बरोबर आहे. फक्त ते उदाहरण तुमच्या बाजूने बोलत नाही. त्या सॉफ्टवेअरने तपासणीच्या यंत्राला खोटे सांगितले. तुमचे मॅपिंग गाडीच्या संगणकाला सांगते की फिल्टर जागेवर आहे. खोटे तेच आहे, फक्त लहान आहे. ते मोठे खोटे उघड झाले, कारण संशोधकांनी रस्त्यावर धावत्या गाडीचा धूर मोजला. इथे मोजणारे कोणी नाही. त्या नळीत काय आहे हे जाणणारे तुम्ही एकटे, आणि जो जाणतो त्याच्यावरची जबाबदारी न जाणणाऱ्यापेक्षा जास्त असते.

जाणकाराच्या या जबाबदारीच्या मुद्द्यावर मिस्त्री काही काळ गप्प राहिले आणि मग जे बोलले त्याने प्रश्नाचे स्वरूपच बदलले.

मिस्त्री : खरे सांगायचे तर फिल्टर आपण होऊन तुंबत नाही. त्यात साठलेली काजळी सुमारे सहाशे अंश सेल्सिअस तापमानाला जळून जाते, पण त्यासाठी गाडी काही वेळ सलग, वेगाने पळावी लागते. पुतण्याची गाडी बांधावर थांबत, पुन्हा सुरू होत चालते, तेव्हा ते तापमान येतच नाही. त्यात इंजेक्टर ठिबकत असेल तर काजळी दुप्पट, टर्बोच्या सीलमधून ऑइल येत असेल तर आणखी. बरेच लोक स्वस्तातले ऑइल टाकतात. त्याची राख फिल्टरमध्ये बसते आणि ती कितीही तापवली तरी जळत नाही. सरळ पाइप टाकला की यातला एकही आजार बरा होत नाही, फक्त गाडी बोलायची बंद होते.

ही कबुली महत्त्वाची आहे, कारण तोवर दोघांनीही फिल्टर हा उपजीविकेच्या वाटेतील अडथळा आणि हवेच्या बाजूचा पहारेकरी एवढेच मानले होते. आता तो इंजिनाच्या आरोग्याची खूणही ठरला. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचे आकडे स्कॅनरवर वाचणे, इंजेक्टर तपासणे, सक्तीने काजळी जाळून पाहणे, राख भरली असेल तर फिल्टर उतरवून साफ करून घेणे, आणि केवळ फ्लेक्झिबल फाटले असेल तर तेवढाच तुकडा कापून नवा वेल्ड करून माउंटिंग बदलणे, हा क्रम चांगल्या कारागिराचा आहे आणि योगायोगाने तोच नीतीचाही आहे. मात्र कारागिरी आणि नीती प्रत्येक वेळी अशा एकाच रेषेत येतील असे मानणे भाबडेपणाचे होईल. आतले सिरॅमिक तडकले असेल तर नवा फिल्टर घेण्यावाचून उपाय नाही, आणि तेथे मूळ पेच तसाच समोर उभा राहतो.

गुरुजी : तडकलेच असेल, तर तो खर्च भाड्यात घालावा. क्रेटमागे थोडे वाढवले तर हवेचे बिल जो माल खातो त्याच्यापर्यंत पोहोचेल.

मिस्त्री : कसे पोहोचेल? शेजारच्याने सरळ पाइप टाकला आहे, तो जुन्याच दराने माल नेईल. नियम पाळणारा घरी बसेल.

या उत्तरात प्रश्नाचा गाभा आहे. ज्या नियमाची तपासणी होत नाही तो नियम गरीब मालकाला सवलत देत नाही, उलट प्रामाणिक मालकाला शिक्षा करतो. म्हणून सक्षम तपासणीची मागणी ही पर्यावरणवाद्यांच्या इतकीच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, नियम पाळणाऱ्या पिकअपमालकाच्या हिताची आहे. अशी तपासणी अशक्यही नाही. नेदरलँड्स आणि जर्मनी यांनी २०२३ पासून डिझेल गाड्यांच्या नियतकालिक तपासणीत धुरातील कणांची संख्या मोजणारे यंत्र आणले, ज्याच्यासमोर फिल्टर काढलेली किंवा तडकलेली गाडी थोड्या वेळातच उघडी पडते.

मिस्त्री : ते यंत्र इथे येईल तेव्हा येईल. आज मॅपिंगला नाही म्हटले तर पुतण्या पुढच्या गॅरेजला जाईल.

गुरुजी : जाईलही कदाचित, त्याला बांधून कोण ठेवणार. पण जाण्याआधी फिल्टर कशाने तुंबला हे त्याला कळले असले पाहिजे, आणि ते सांगू शकणारे तुम्हीच आहात. इंजेक्टरची आणि दाबाची तपासणी आजच करून टाका, मिस्त्री. तिचे पैसे घरातून येतील.

मिस्त्री : आणि सगळा भागच बदलावा लागला, तर जुना कॅटॅलिस्ट?

गुरुजी : त्याच्यात प्लॅटिनम असते ना? मग त्याचे भंगारात जे येतील ते नव्या फिल्टरच्या बिलातून वजा करा, आणि बिलावर तसे लिहून द्या.