रीसेट केला

समुद्राकाठच्या एका विमानतळावर जून लागला आणि टॉवरमधली आगीची घंटा वेळी-अवेळी वाजू लागली.

ऑफिसात अशी घंटा वाजली तर माणसं जिन्याने खाली उतरतात आणि चहाच्या टपरीवर जाऊन उभी राहतात. टॉवरचं तसं नसतं. वर काचेच्या खोलीत जो माइकसमोर बसलाय, त्याच्या भरवशावर एक विमान ताशी अडीचशे किलोमीटरच्या वेगाने धावपट्टीकडे येत असतं. त्याला उतरू द्यायचं की पुन्हा वर पाठवायचं हे तिथल्या तिथे ठरवायचं, आकाशातली बाकीची विमानं रडारवाल्यांच्या हवाली करायची, जमिनीवरची जागीच थांबवायची, आणि मग खुर्ची सोडायची. मार्च २०१९ मध्ये सिडनीला धुराच्या इशाऱ्यावरून टॉवर रिकामा करावा लागला, तेव्हा एवढ्या मोठ्या विमानतळावरची उड्डाणं थांबली होती.

आपल्या टॉवरमध्ये पहिल्यांदा घंटा वाजली तेव्हा सगळं नियमाने झालं. अग्निशमन दलाची गाडी आली, जवानांनी मजले पालथे घातले, काही सापडलं नाही. दुसऱ्यांदाही तेच. पुढे मात्र खुर्ची कुणी सोडेना. एक जण खालच्या यंत्रांच्या खोलीत एक चक्कर मारायचा, पॅनेलवरचं बटण दाबायचा आणि वहीत लिहायचा, ‘खोटा अलार्म. रीसेट केला.’ अक्षर दरवेळी वेगळं, वाक्य तेच.

सुपरवायझर मॅडम शिस्तीच्या. त्यांची काळजीही खोटी नव्हती. कानाशी घंटा ठणाणत असताना वैमानिकाचा एखादा आकडा चुकीचा ऐकू आला तर? त्यांनी विजेचं काम बघणाऱ्या अण्णांना बोलावलं.

“अण्णा, त्या डिटेक्टरला टोपी घालून टाका. पावसाळा संपला की काढू.”

रंगकाम चालू असताना धूळ जाऊ नये म्हणून घालतात ती प्लॅस्टिकची टोपी अण्णांच्या पिशवीत होतीच.

“घालतो मॅडम. पण तो काय बघून ओरडतोय, ते आधी बघू द्या.”

अण्णांनी स्टुलावर चढून डिटेक्टर उतरवला आणि वर्तमानपत्रावर उपडा करून ठोकला. पारदर्शक, तांदळाच्या दाण्याएवढे पंख खाली पडले. पावसाळी किडे! डिटेक्टरच्या आत एक काळोखी डबी असते. एका बाजूला बारीकसा दिवा, आणि त्याचा उजेड थेट पडणार नाही अशा जागी प्रकाश टिपणारा डोळा. धूर शिरला की उजेड विखुरतो, डोळ्यावर पडतो आणि घंटा वाजते. धुराच्या जागी किडा शिरला तरी उजेड विखुरतोच.

“हा खोटं बोलत नाही हो,” अण्णा म्हणाले. “ह्याला जेवढं दिसतं तेवढं सांगतो. काय ते बघायचं काम आपलं.”

एसीच्या पाइपाशेजारी भिंतीत फट होती, ती बुजवली. जाळी बसली. मॅडम खूश, सगळेच खूश. दुसरं कुणी असतं तर पिशवी उचलून घरी गेलं असतं. अण्णा पॅनेलपाशी बसले आणि त्याच्या मेमरीतल्या वेळा एका कागदावर उतरवून घेऊ लागले. संध्याकाळी सव्वासात, आठ, साडेसात, दिवेलागणीनंतरच्या सगळ्या. मध्येच एक दुपारची, दोन चाळीसची. तिथे डिटेक्टरचा नंबरही निराळा होता. तो होता फॉल्स फ्लोअरखालचा, म्हणजे केबल झाकणाऱ्या उचलत्या फरशीखालचा.

“मॅडम, भर दुपारी किडे दिव्यावर येत नाहीत.”

मॅडमनी वही उघडली. त्या तारखेलाही तेच वाक्य होतं.

जमिनीची फरशी उचलली. यूपीएसच्या केबलच्या टोकाचा जोड, लग, ढिला झाला होता. तिथलं आवरण तपकिरी पडून भाजलेल्या पापडासारखं फुगलं होतं. भार वाढला की सांधा तापत असणार. धूर निघाला असेल तो चिमूटभर, कुणी बघेपर्यंत विरून गेलेला.

त्या दुपारी खाली गेलेला तरुण कंट्रोलर शेजारीच उभा होता. “वास आला होता थोडा,” तो म्हणाला. “मला वाटलं, पॅन्ट्रीत कुणी टोस्ट करपवला.”

नाक त्याचं चांगलंच होतं. पण वहीतलं वाक्य त्याला आधीच पाठ झालं होतं, आणि उत्तर तयार असलं की माणूस शोधत नाही. सगळ्या घंटा एकाच नावाने निकालात काढल्या, त्यात जी खरी होती तीही निघाली.

लग आवळला, केबल बदलली. टोपी पिशवीतच राहिली. मॅडमनी वहीत ‘खोटा’ हा शब्द लिहायला बंदी केली आणि ‘कारण’ असा नवा रकाना आखला. कारण सापडलं नाही तर ओळ बंद करायची नाही, पुढच्या पाळीने शोध चालू ठेवायचा. कुरकुर झाली. आधीच कामं कमी आहेत का, असंही कुणी म्हणालं.

महिनाभरात रात्रपाळीला घंटा पुन्हा वाजली. सकाळी मॅडमनी वही उघडली तर लिहिलं होतं, ‘पॅन्ट्रीतल्या किटलीची वाफ. किटली आपोआप बंद होत नाही. नवी हवी.’ त्यांनी शेजारी ‘मंजूर’ लिहून सही केली.