वहिवाटीचा पुरावा

सव गावच्या ऊन पाण्याच्या झऱ्यांनी अंगावरचे विकार जातात, अशी महाड-पोलादपूरच्या पंचक्रोशीची श्रद्धा आहे. परंतु ज्या समाजाने पाण्याला माणूस शुद्ध करण्याचे एवढे सामर्थ्य दिले, त्यानेच महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्य ठरवलेल्या माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते हेही तितक्याच निष्ठेने मानले, आणि ही विसंगती फारशी कोणाला खुपली नाही.

एखाद्या वर्गाविषयीची साचेबंद समजूत अज्ञानातून उपजते व ज्ञानाने मावळते, असे मानणे भाबडेपणाचे होय. कारण ती आपला पुरावा आपणच निर्माण करते. ज्याला पाणवठा बंद, त्याची वस्त्रे मळकट राहणार, आणि त्या मळाकडे बोट दाखवून पाणवठा बंदच ठेवला जाणार. लष्करातही तेच झाले. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, ज्यांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले, ते जातीने महार आणि स्वतः पलटणीतले. पण पुढे ब्रिटिश सरकारनेच महारांना ‘लढाऊ जातीं’तून वगळून भरती बंद केली, म्हणजे पराक्रमाची संधी हिरावून घेऊन वर पराक्रम नसल्याचा शेरा मारण्याची सोय झाली.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोल्यांचा ठराव संमत झाला, पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. कागद मात्र कागदच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी व महाडला परिषदेसाठी जमलेल्या त्यांच्या अनुयायांनी ते पाणी प्राशन करताच, ‘आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार’ अशी आवई उठली व जमावाने परिषदेला आलेल्यांना झोडपले. अफवेला पुरावा लागला नाही. ‘ते लोक असेच’ एवढे पुरेसे होते. मग पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे शुद्ध करण्यात आले. गुरांच्या तोंडाने न बाटणारे पाणी गाईच्या शेणमुताने पवित्र झाले, यावर भाष्य करण्याची गरज नाही. नगरपालिकेनेही आपला ठराव रद्द केला, तोही नेमका ४ ऑगस्टला!

त्या डिसेंबरात प्रकरण दिवाणी न्यायालयात गेले. तळे खाजगी, अस्पृश्यांना मज्जाव करण्याची वहिवाट अनादि, असा सवर्ण फिर्यादींचा दावा होता. म्हणजे ज्यांना कधी येऊ दिले नाही, त्यांचे न येणे हाच हक्काचा आधार. खालच्या कोर्टांत हरूनही त्यांनी अपील केले. अनादि वहिवाट शाबीत होत नाही, असे ठरवून मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी ते फेटाळले.