पाया एक, बांधकाम आपले

शास्त्रपाठ : १ करिंथ. ३:१०-१५, २ करिंथ. ५:१०



न्यायाचा दिवस म्हटला की आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात धास्ती उभी राहते. प्रभूवर विश्वास ठेवला, वर्षानुवर्षे मंडळीत आलो, तरी ‘शेवटी माझे काय होणार?’ हा प्रश्न अंथरुणाला खिळलेले वृद्ध सभासद आम्हांला विचारतात. म्हणून संत पौलाने ही गोष्ट कोणाला व कशी सांगितली, ते पाहू या.

करिंथकरांना ‘न्यायासन’ परके नव्हते. त्यांच्या शहराच्या चौकात ते उंच दगडी चौथऱ्यावर होते; उत्खननात तो चौथरा सापडला आहे. गल्लियो अखयाचा सुभेदार असताना, म्हणजे इ. स. ५१-५२ च्या सुमारास, पौलाला त्याच्या न्यायासनापुढे उभे करण्यात आले (प्रे. कृत्ये १८:१२-१७). गल्लियोने प्रकरण ऐकलेच नाही. डोळ्यांदेखत सोस्थनेसाला मार बसला, तरी त्याला त्याचे काही वाटले नाही. तोच पौल पुढे ख्रिस्ताच्या न्यायासनाविषयी लिहितो. तेथे बसणारा बेपर्वा नाही. त्याच्या हातांवर खिळ्यांचे वण आहेत.

करिंथकरांना आगीची गोष्टही ठाऊक होती. इ. स. पूर्व १४६ मध्ये रोमी सेनापती मुम्मियस याने जुने करिंथ जाळले, आणि इ. स. पूर्व ४४ मध्ये जूलियस कैसराने ते पुन्हा वसविले. आगीत दगडी खांब टिकतात, गवताचे छप्पर टिकत नाही, हे अशा शहरातील लोकांना वेगळे सांगावे लागत नाही.

येथे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. आपले तारण होईल काय? याचे उत्तर वधस्तंभावर दिले गेले आहे, जे ख्रिस्त येशूमध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही (रोम. ८:१). दुसरा प्रश्न असा : त्या पायावर आपण काय बांधले? परीक्षा होईल ती या कामाची. काम जळाले तरी मनुष्य तरेल, परंतु जळत्या घरातून रिकाम्या हातांनी निघालेल्या माणसासारखा.

हे लिहिताना आमचीच मान खाली जाते. देणगीच्या यादीत नाव वर यावे, कमिटीत आपलाच शब्द चालावा, म्हणून आपण किती धडपडलो! ते सारे पेंढ्याचेच बांधकाम. उलट, पावसातही चार मुलांसाठी शब्बाथशाळा उघडणारी शिक्षिका, रुसलेल्या भावाच्या घरी आपण होऊन जाणारा सभासद, आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारी बहीण यांची नोंद अहवालात नसते. पण प्याला भर थंड पाणीही प्रभू विसरत नाही (मत्तय १०:४२).

मग आपण प्रतिफळासाठी सौदा करावा काय? नाही. स्वर्गातील वडीलही आपले मुगुट राजासनापुढे ठेवतात (प्रकटी. ४:१०). ज्याने पाया घातला, त्याच्या चरणी ठेवावयास काहीतरी हाती असावे, एवढीच विश्वासणाऱ्याची इच्छा.

म्हणून या आठवड्यात एक गोष्ट करू या. ज्याच्याशी आपले बोलणे बंद आहे त्याचे दार ठोठावू या, आणि त्याविषयी कोणालाही सांगू नये. प्रभू आपणां सर्वांस टिकाऊ बांधकाम करण्याची कृपा देवो. आमेन.