पदर कुणाचा, रंगमंच कुणाचा

१८९९ साली गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा' रंगभूमीवर आलं. पैशाच्या लोभाने कोवळ्या मुलीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप हा त्याचा विषय. मराठी समाजाला स्वतःची लाज वाटायला लावणारं नाटक होतं ते. आणि त्या नाटकात शारदेचं काम पुरुषाने केलं. तिची आई इंदिराकाकू पुरुष होती, तिची थट्टा करणारी वल्लरी पुरुष होती. मुलीची बाजू इतक्या कळवळ्याने मांडणाऱ्या नाटकात मुलीला उभं राहायला जागा नव्हती.

पुरुषाने स्त्रीचं रूप घेऊन रंगमंचावर येणं ही कला आहे की बाईपणावर मारलेला डल्ला, हा वाद सध्या 'ड्रॅग' या नावाने ऐकू येतो. अमेरिकेत २००९ पासून चालू असलेल्या 'रूपॉल्स ड्रॅग रेस' या स्पर्धेने हा प्रकार घराघरात नेला. आपल्याकडेही २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमाचा निकाल दिल्यानंतर मोठ्या शहरांत असे प्रयोग अधिक उघडपणे होऊ लागले. त्यावर काही स्त्रीवादी अभ्यासकांचा आक्षेप असा, की गोऱ्या नटांनी तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करावी आणि गोऱ्या प्रेक्षकांनी ती पाहून हसावं, तसंच हे आहे. छातीला गाद्या, ओठांवर भडक रंग, कंबरेला झटका, आणि बाई म्हणजे एवढंच. दुसरी बाजू म्हणते की बाईपण हे मुळातच शिकवलेलं, अंगावर चढवलेलं असतं. ड्रॅग ते चढवणं उघडं करून दाखवतं. ज्युडिथ बटलर यांच्या १९९०च्या 'जेंडर ट्रबल' या ग्रंथापासून हा विचार जगभर पसरला.

दोन्ही बाजू मी गंभीरपणे वाचल्या आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. पण मराठी माणसाला या प्रश्नाचं उत्तर बाहेरून आणायची गरज नाही. शंभर वर्षं आपण हेच जगलो आहोत. इतक्या मोठ्या प्रमाणावर, इतक्या प्रतिष्ठेने आणि इतक्या उंचीवर स्त्रीपार्टी नट घडवणारे समाज फार थोडे असतील. तेव्हा आपल्या घरात काय घडलं ते आधी नीट पाहू.

नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. १९११ मध्ये 'मानापमान'ची भामिनी, १९१६ मध्ये 'स्वयंवर'ची रुक्मिणी, १९१९ मध्ये 'एकच प्याला'ची सिंधू. त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकता येतात. ऐकताना एक गोष्ट लगेच जाणवते. हा माणूस बाईचा आवाज काढत नाही. बारीक, खोटा, लाडिक सूर लावत नाही. तो आपल्याच गळ्याने, आपल्याच लयीत गातो आणि त्यातून रुक्मिणी उभी राहते. याला नक्कल म्हणणं मला जमणार नाही. नक्कल करणारा समोरच्याचं बाह्य लक्षण उचलतो आणि मोठं करतो. बालगंधर्वांनी स्त्रीचा संकोच, मान, अभिमान आतून शोधला आणि सुरात आणला. ती कला होती, आणि थोर कला होती, हे आधीच स्पष्ट सांगून ठेवते.

पण पुढची गोष्टही तितकीच खरी. त्यांनी नेसलेली साडी, माळलेले गजरे, घातलेले दागिने यांचं अनुकरण महाराष्ट्रातल्या घराघरातल्या बायका करू लागल्या. देखणं दिसावं कसं, लाजावं कसं, पदर सावरावा कसा, याचा धडा बायकांनी एका पुरुषाकडून घेतला. मला स्वतःला यात गंमत वाटत नाही, काळजी वाटते. कारण तो पुरुष ज्या बायका साकारत होता त्या लिहिल्या होत्या पुरुषांनी, बसवल्या होत्या पुरुषांनी, आणि कंपनीचा गल्लाही पुरुषांकडेच होता. सिंधूचंच बघा. दारुड्या नवऱ्याच्या पायी तिचं घर गेलं, पोर गेलं, ती दळण दळत राहिली, मार खाऊन मेली, आणि मरतानाही नवऱ्याला वाचवायला खोटं बोलली. प्रेक्षागृहात बायका ढसाढसा रडल्या. नाटककार गडकऱ्यांची प्रतिभा आणि बालगंधर्वांचा गळा एकत्र आल्यावर कोण रडणार नाही? पण असं सोसणं म्हणजे पातिव्रत्य, हे सांगणाऱ्या त्या सगळ्या साखळीत एकही बाई नव्हती. एखाद्या बाईने ती भूमिका करताना 'हे असं मी म्हणणार नाही' असं म्हणण्याची शक्यताच ठेवलेली नव्हती. बाईपण बळकावलं गेलं असेल तर ते इथे, लेखणीत आणि व्यवस्थेत. साडी नेसण्याचा दोष त्यात फार थोडा.

यावर नेहमी एक उत्तर मिळतं, की तेव्हा बायका मिळतच नव्हत्या. हे उत्तर अर्धवट आहे. बेळगावकर स्त्री संगीत मंडळीसारख्या फक्त बायकांच्या नाटक कंपन्या होत्या, आणि त्यांत पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करत. मिळत नव्हत्या त्या 'कुलीन' बायका. आणि जी बाई रंगमंचावर पाऊल ठेवी ती त्याच क्षणी कुलीन राहत नसे. म्हणजे येण्याची अटच अशी, की आल्याबरोबर मोडावी. दादासाहेब फाळक्यांना १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र'साठी तारामती मिळेना, वेश्यावस्तीतल्या बायकांनीही नकार दिला, शेवटी उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना साडी नेसवावी लागली, हे आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. पण त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पडद्यावर आल्या. नवऱ्यापासून वेगळी झालेली, पोटासाठी फिरत्या नाटक कंपनीत शिरलेली बाई आणि तिची पोर. या दोघींचं नाव किती जणांना पटकन आठवतं? साळुंक्यांचं आठवतं. पुढे कमलाबाई गोखले म्हणून ओळखल्या गेलेल्या याच मुलीने रंगभूमीवर पुरुषभूमिकाही केल्या. पुरुषाने स्त्री व्हावं याचं कौतुक झालं, बाईने पुरुष व्हावं ही तळटीप राहिली.

जातीचा मुद्दा इथे टाळता येत नाही. पांढरपेशांच्या संगीत नाटकात बाई नसताना तमाशाच्या फडात ती होती. पठ्ठे बापूरावांच्या फडातली पवळा हिवरगावकर ही महार समाजातली बाई आपल्या नावावर गर्दी खेचत होती. तिथे तिला मान होता असं म्हणणं खोटं ठरेल. नाचणाऱ्या बाईकडे कुठल्या नजरेने बघायचं हे गावाने ठरवूनच टाकलेलं होतं. तरीही तिचं शरीर, तिचा आवाज आणि तिचं नाव तिचंच होतं. सभ्य म्हणवणाऱ्या रंगभूमीने बाईचं रूप ठेवलं, बाई वगळली.

१९२०च्या दशकापासून हे दार हळूहळू किलकिलं झालं. हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक मंडळी काढली. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा'मध्ये ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या, आणि मध्यमवर्गीय प्रेक्षकाला कळलं की स्त्रीची भूमिका स्त्रीने केली तर आकाश कोसळत नाही. बालगंधर्व मात्र थांबू शकले नाहीत. पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९३७च्या 'साध्वी मीराबाई' या चित्रपटात ते मीरा झाले. कॅमेरा जवळ येतो, रंगमंचावरचं अंतर तो ठेवत नाही. जमलं नाही ते.

त्याच सुमारास त्यांच्या आयुष्यात गौहर कर्नाटकी आल्या. या बाईंबद्दल मला थोडं थांबून लिहायचं आहे. पार्श्वगायिका अमीरबाई कर्नाटकींची ही बहीण. बालगंधर्वांची गायकी त्यांनी इतकी आत्मसात केलेली होती की त्या त्यांच्यासारख्याच गात. एक स्त्री स्त्रीभूमिका शिकली ती एका पुरुषाकडून, आणि मग तीच भूमिका ती त्याच्या कंपनीत करू लागली. प्रेक्षकांनी तिला कधी माफ केलं नाही. ती मुसलमान होती, गाणाऱ्या घराण्यातली होती, आणि देवाच्या जागेवर येऊन बसली होती. कंपनीची आर्थिक घसरण आधीच सुरू झालेली, भरजरी शालू आणि अत्तरांच्या उधळपट्टीने कर्ज साठलेलं, बोलपटांनी प्रेक्षक पळवलेला. पण लोकांनी खापर फोडलं ते बाईच्या डोक्यावर. पुरुषाने साकारलेल्या स्त्रीवर ज्या समाजाने प्राण ओवाळून टाकले, त्याच समाजाला त्या जागी खरीखुरी स्त्री आलेली खपली नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय हा आहे, आणि बालगंधर्वांवर भरभरून लिहिणारे बहुतेक जण तो दोन ओळींत उरकतात.

आता चेहऱ्याला काळं फासण्याच्या त्या तुलनेकडे येते. ती तुलना एका ठिकाणी लागू पडते आणि दुसऱ्या ठिकाणी सपशेल पडते. तोंड काळं करणारा गोरा नट प्रयोग संपला की तोंड धुई, आणि गोरेपणाचे सगळे फायदे घेऊन घरी जाई. बालगंधर्वही रंग पुसून घरी गेले. लोकांनी त्यांना देव मानलं, सरकारने १९६४ मध्ये पद्मभूषण दिलं. पण तमाशातल्या नाच्याचं काय? कोल्हापूरचे गणपत पाटील मराठी तमाशापटांत वर्षानुवर्षं नाच्या झाले. खऱ्या आयुष्यात ते संसारी, बायकामुलांचे गृहस्थ. पण लोकांनी त्यांना कधी त्या भूमिकेबाहेर येऊ दिलं नाही. रस्त्यात टिंगल झाली, पुरुषपणावर शंका घेतल्या गेल्या, घरच्यांनाही त्याची झळ बसली. हा रंग धुऊन जात नव्हता. आनंद यादवांच्या 'नटरंग'मधला गुणा याच आगीत होरपळतो. एकच लुगडं नेसून एक जण देव झाला आणि दुसरा थट्टेचा विषय, कारण पहिल्याच्या अंगावर कुलीन स्त्री होती आणि दुसऱ्याच्या अंगावर 'बायल्या'.

हा शब्द आपल्या शाळांच्या मैदानांवर आजही रोज वापरला जातो. पुरुषाला दुखवायचं तर त्याला बाईसारखा म्हणायचं, यातच आपल्या मनात बाईची किंमत किती हे कळतं. आज ड्रॅग करणाऱ्यांपैकी बरेच जण समलिंगी किंवा पारलिंगी असतात, आणि लहानपणापासून हाच शब्द झेलत मोठे झालेले असतात. ज्या गोष्टीबद्दल मार खाल्ला तीच अंगावर मिरवून प्रकाशझोतात उभं राहणं, ही बाईची चोरी आहे असं मला वाटत नाही. त्यांच्यामुळे कुठल्या नटीचं काम जात नाही, कुठल्या गायिकेला दार बंद होत नाही. उलट बाईपणाला हीन मानणाऱ्या त्याच नजरेचा मार ते आणि आपण बायका दोघंही खात आलो आहोत. आणि पारलिंगी स्त्रीच्या अंगावरची साडी हा वेश नव्हेच, ती तिची रोजची साडी आहे. तिला या वादात ओढणंच चूक आहे.

म्हणजे ड्रॅगमध्ये काहीही चालतं असं मी म्हणत नाही. जिथे बाईच्या शरीराची, वयाची, वजनाची घाण टिंगल होते ते प्रयोग मला नकोसे वाटतात, मग करणारा कुणीही असो. पण मग प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या टिंगलीचा सर्वांत मोठा कारखाना एखाद्या क्लबमध्ये नाही, तो आपल्या दिवाणखान्यात आहे. 'मोरूची मावशी'त विजय चव्हाण लुगडं नेसून यायचे तेव्हा हसू यायचं ते अडकलेल्या पुरुषाच्या तारांबळीचं. 'अशी ही बनवाबनवी'तही घर मिळवण्यासाठी बायका झालेल्या पुरुषांचीच फजिती आहे. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांतून, गणेशोत्सवातल्या स्किटमधून आणि कॉलेजच्या गॅदरिंगमधून आज जो साडीतला पुरुष येतो तो वेगळा आहे. तो जाडी, काळी, कर्कश, पुरुषाच्या गळ्यात पडणारी, कुणालाच नको असलेली बाई असतो. हसायचं असतं ते त्या बाईला. समोर बायका, मुली, आज्या बसलेल्या असतात आणि त्याही हसतात, कारण न हसणारी बाई खडूस ठरते. यावर आक्षेप घेणारं पत्र संपादकांकडे क्वचितच येतं. ड्रॅगवर मात्र संस्कृतिरक्षक तुटून पडतात.

म्हणून विनोद लिहिणाऱ्यांना, वाहिन्यांवर निर्णय घेणाऱ्यांना आणि गॅदरिंग बसवणाऱ्या शिक्षकांना माझं एक सांगणं आहे. साडीतल्या पुरुषासाठी तुम्ही जे वाक्य लिहिलं आहे, ते तालमीत एकदा तुमच्या चमूतल्या एखाद्या बाईला म्हणायला लावा. तिला ते म्हणताना अपमान वाटला, आणि तुम्हाला ते ऐकताना हसू आलं नाही, तर ते वाक्य काढून टाका. आणि चमूत तसं विचारायला एकही बाई नसेल, तर आधी तिला कामावर घ्या.