मंजुरीपूर्वीची घोषणा आणि सत्याचा धर्म

उच्चारलेल्या वाक्यातील प्रत्येक शब्द वस्तुस्थितीला धरून असावा, आणि तरीही त्या वाक्याने ऐकणाऱ्याच्या चित्तात जे उभे राहिले ते वस्तुस्थितीला सोडून असावे, असे घडले तर बोलणारा सत्य बोलला की असत्य, हा प्रश्न आपल्या दर्शनकारांनी फार प्राचीन काळीच विचारात घेतला आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात सत्य या यमाचे विवरण करताना भाष्यकार एवढ्यावरच थांबत नाहीत की, जे पाहिले, अनुमानिले व ऐकले त्याच्याशी वाणी जुळली पाहिजे. ती वाणी ऐकणाऱ्याची वंचना करणारी, त्याला भ्रांतीत टाकणारी अथवा अर्थबोधाविना वाया जाणारी नसावी, आणि तिची प्रवृत्ती भूतमात्राच्या उपकारासाठी असावी, अशीही अट ते घालतात. आणि ही अट न पाळणारे भाषण सत्यासारखे दिसले तरी ते पुण्याचा आभास मात्र होय, असा निर्णय देतात. या कसोटीची कठीण परीक्षा होते ती अर्ध्यावर असलेल्या व्यवहाराविषयी बोलताना. कारण तेथे बोलणाऱ्याच्या हाती सत्याचा एक अंश असतो, आणि उरलेला अंश अद्याप दुसऱ्याच्या होकारावर अवलंबून असतो.

२१ जानेवारी २०१३ रोजी अमेरिकेत अशीच एक घोषणा झाली. सॅक्रामेंटो किंग्ज या बास्केटबॉल संघाची मालकी असलेल्या मलूफ कुटुंबाशी आपला बंधनकारक करार झाला असून संघाचा नियंत्रक हिस्सा आपण विकत घेत आहो, असे सिअ‍ॅटलकर गुंतवणूकदार ख्रिस हॅन्सेन यांनी जाहीर केले. संघ सिअ‍ॅटलला नेण्याच्या या बेतात मायक्रोसॉफ्टचे स्टीव्ह बामर त्यांचे सहभागीदार होते, आणि पासष्ट टक्के हिश्शाच्या या सौद्यात संघाचे एकूण मूल्य ५२.५ कोटी डॉलर धरले होते. विक्रीला एनबीए या बास्केटबॉल लीगच्या संघमालकांच्या मंडळाची मंजुरी लागेल, हेही त्या निवेदनात होते. शब्दशः पाहता त्यात असत्य काहीच नव्हते. परंतु सिअ‍ॅटलने ते निवेदन कोणत्या कानांनी ऐकले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९६७ पासून त्या नगरीचा स्वतःचा सुपरसॉनिक्स नावाचा संघ होता, १९७९ मध्ये त्याने अजिंक्यपदही मिळवले होते; २००६ मध्ये स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्ट्झ यांनी तो ३५ कोटी डॉलरांना ओक्लाहोमाच्या क्ले बेनेट यांच्या गटाला विकला, आणि २००८ मध्ये तो ओक्लाहोमा सिटीला निघून गेला. पाच वर्षे ज्या नगरीने हा वियोग सोसला होता तिला त्या पत्रकातील ‘करार’ एवढेच ऐकू आले आणि ‘मंजुरी’ ऐकू आली नाही, तर त्याबद्दल तिला दोष देता येणार नाही. उलट सॅक्रामेंटोच्या नागरिकांना त्याच दिवशी आपला संघ गेला असे वाटले. आणि त्या संघाची कुळकथा अशी की, तो पूर्वी रोचेस्टर, सिनसिनाटी व कॅन्सस सिटी येथे नांदून १९८५ मध्येच सॅक्रामेंटोला आला होता. एका नगरीचा आनंद दुसऱ्या नगरीच्या शोकातून जन्माला यावा, हा या व्यवहाराचा मूळचाच स्वभाव आहे. म्हणून त्याविषयी बोलणाऱ्याच्या शब्दावर साधारण व्यापाऱ्याच्या शब्दापेक्षा अधिक भार पडतो.

येथे प्रथम हे पाहिले पाहिजे की, संघाचा मालक वस्तुतः विकतो तरी काय. घोडा किंवा जहाज विकणाऱ्यापाशी ती वस्तू संपूर्ण असते. संघाच्या मालकापाशी मात्र प्रतिस्पर्धी नसतात, सामन्यांचे वेळापत्रक नसते, अजिंक्यपद नसते, आणि प्रेक्षकांची निष्ठा तर कोणाच्याच दप्तरी नोंदलेली नसते. तीस संघांनी परस्परांशी खेळण्याचे मान्य केले म्हणून त्यांतील एकेकाला मोल येते. यास्तव एनबीएमध्ये मालकीच्या हस्तांतरास मंडळाच्या तीन-चतुर्थांश मतांची आणि संघाच्या स्थलांतरास बहुमताची आवश्यकता ठेवलेली आहे. ही मंजुरी म्हणजे झालेल्या व्यवहारावर उमटवावयाचा शिक्का नव्हे. विकल्या जाणाऱ्या वस्तूचाच तो एक घटक आहे. ज्याच्यापाशी मंजुरी नाही त्याच्यापाशी संघ विकत घेण्याची आकांक्षा आहे, करार आहे, कदाचित द्रव्यही आहे, संघ नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला हा भेद परका वाटण्याचे कारण नाही. घर घेणारा मनुष्य साठेखत करतो, विसार देतो, नातलगांना पेढे वाटतो. परंतु १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने कलम ५४ मध्ये स्पष्ट सांगून ठेवले आहे की, विक्रीच्या कराराने तेवढ्यावरून मिळकतीत कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. हक्क येतो तो खरेदीखताने. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत याहून खोल विचार केला आहे. भूमीचे हस्तांतर व्हावयाचे तर ग्रामस्थ, ज्ञाती, शेजारी व दायाद यांची अनुमती असावी, असे एक स्मृतिवचन उद्धृत करून तो विचारतो की, या अनुमतीचे प्रयोजन काय. आणि उत्तर देतो की, ग्रामस्थांची अनुमती व्यवहार उघडपणे व्हावा यासाठी आहे, त्यांच्या अनुमतीवाचून व्यवहारच सिद्ध होत नाही असे नव्हे. शेजाऱ्यांची अनुमती सीमेचा तंटा उद्भवू नये यासाठी आहे. पुढे मराठेशाहीत वतनाची किंवा वतनातील तक्षिमेची म्हणजे हिश्शाची विक्री होई तेव्हाही गोताची साक्ष पडे, आणि तंटा उपस्थित झाल्यास मजहर होऊन जो तो आपले म्हणणे उघडपणे मांडी. या परंपरेत प्रसिद्धी ही विजेत्याची दवंडी मानलेली नाही. ज्यांचा त्या वस्तूशी संबंध आहे त्यांना बोलण्याची संधी मिळावी म्हणून व्यवहार उजेडात आणावयाचा, असे तिचे प्रयोजन मानले आहे.

हा दृष्टिकोन घेतला म्हणजे एक कठीण शंका उपस्थित होते. मंजुरीपूर्वी काहीच बोलू नये, हा नियम प्रथमदर्शनी निर्दोष वाटतो. परंतु तो पाळला असता तर सॅक्रामेंटोचे काय झाले असते? घोषणा झाली म्हणूनच त्या नगरीला आपला संघ जात असल्याचे कळले, आणि प्रतिकाराला अवधी मिळाला. तेव्हाचे महापौर केविन जॉन्सन हे स्वतः एनबीएचे माजी खेळाडू व त्याच नगरीचे सुपुत्र. त्यांनी दुसरे ग्राहक उभे केले, आणि २६ मार्च २०१३ रोजी नगर परिषदेने नव्या क्रीडागाराच्या योजनेस सात विरुद्ध दोन मतांनी संमती दिली. त्या ग्राहकगटाचे नेतृत्व पुढे विवेक रणदिवे यांच्याकडे आले. मुंबईत जन्मून एमआयटीत शिकलेले हे उद्योजक तोवर गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाचे एक भागीदार होते. हॅन्सेन यांच्या गटाने आपला प्रस्ताव वाढवीत ६२.५ कोटी डॉलरांच्या मूल्यांकनापर्यंत नेला. तरीही २९ एप्रिल रोजी लीगच्या समितीने स्थलांतराविरुद्ध एकमताने शिफारस केली, आणि १५ मे रोजी डॅलस येथे मंडळाने बावीस विरुद्ध आठ मतांनी स्थलांतर नाकारले. त्याच महिन्यात सुमारे ५३.५ कोटी डॉलरांच्या मूल्यांकनाने संघ रणदिवे यांच्या गटाकडे गेला, आणि २०१६ मध्ये सॅक्रामेंटोत नवे क्रीडागार उघडले. मोठ्या रकमेचा प्रस्ताव हरला आणि लहान रकमेचा जिंकला, याचा अर्थ असा की ज्यांनी होकार द्यावयाचा होता त्यांच्या दृष्टीने द्रव्य हा अनेक विचारांपैकी एक विचार होता. आणि हे विचार पुढे येऊ शकले ते व्यवहार गुप्त राहिला नाही म्हणून.

तेव्हा मौन हाच धर्म, असे म्हणून या प्रश्नातून सुटका होत नाही. घोषणा व्हावी की होऊ नये, यापेक्षा ती कोणाला उद्देशून आणि कोणत्या भावाने व्हावी, हा खरा प्रश्न आहे. मंजुरीपूर्वीच्या घोषणेची दोन रूपे असतात. एक विचारणारी: आमचा असा हेतू आहे, त्यास ज्यांची हरकत असेल त्यांनी ती मांडावी, आणि निर्णय होईपर्यंत आम्ही स्वतःला मालक समजणार नाही. दुसरी विजयाची: ही वस्तू आमची झाली, आता होकार देणाऱ्यांनी फक्त मागाहून यावे. पहिलीने निर्णय करणाऱ्यांचे स्वातंत्र्य अबाधित राहते. दुसरी त्यांच्यापुढे निवड ठेवीत नाही, लोकांच्या आनंदाचे ओझे त्यांच्या मस्तकी ठेवते, म्हणजे नकार दिलाच तर दुष्टपणाचा आरोप त्यांच्यावर यावा.

या दुसऱ्या रूपाचे स्पष्ट उदाहरण आइस हॉकीत घडले. कॅनडाचे उद्योगपती जिम बाल्सिली यांनी २००७ मध्ये नॅशव्हिल प्रेडेटर्स हा संघ विकत घेण्याचे ठरवले. विक्रीस एनएचएल या आइस हॉकी लीगची मंजुरी मिळालेली नसतानाच कॅनडातील हॅमिल्टन नगरीत त्या संघाच्या हंगामी तिकिटांसाठी अनामत रकमा घेण्यास सुरुवात झाली, आणि हजारो लोकांनी त्या भरल्या. संघ अद्याप नॅशव्हिलचा होता, स्थलांतराला कोणी होकार दिला नव्हता, आणि तरी एका नगरीत त्याच्या बैठकी विकावयास निघाल्या होत्या. विक्री फिसकटली, संघ नॅशव्हिललाच राहिला. आणि २००९ मध्ये बाल्सिली यांनी फीनिक्सच्या संघासाठी प्रयत्न केला तेव्हा लीगच्या मंडळाने सव्वीस विरुद्ध शून्य मतांनी त्यांचे मालकत्व अमान्य केले. हॅमिल्टनच्या ज्या नागरिकांनी पैसे भरले ते मूर्ख नव्हते. त्यांच्यापुढे मागणीचा कागद ठेवला गेला, आणि मनुष्य पैसे भरतो तो मिळणार असे धरूनच भरतो.

भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीचे वर्णन करताना भगवंतांनी अशा चित्ताचे चित्र काढले आहे की, जे आज हाती आलेले आणि उद्या हाती येईल असे वाटणारे यांत अंतरच ठेवीत नाही, आणि दोन्हींवर सारखाच ‘माझे’पणा लादते. हे वर्णन एखाद्या व्यक्तीवर लावण्यासाठी नाही. ते प्रत्येक मनात वावरणाऱ्या एका प्रवृत्तीचे आहे. अनागतावर स्वत्व सांगण्याची सवय लागली म्हणजे ते अनागत न आल्यास मन त्याला अन्याय समजू लागते, आणि मग ज्या मार्गाने एरवी ते गेले नसते त्या मार्गाने जाते. मे २०१३ च्या नकारानंतर सॅक्रामेंटोच्या क्रीडागाराविरुद्ध सार्वमत मागणाऱ्या सह्यांच्या मोहिमेला हॅन्सेन यांनी पैसे पुरवल्याचे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उघडकीस आले. तो पुरवठा जाहीर न केल्याबद्दल कॅलिफोर्नियाच्या निवडणूक-वित्त नियामकाने दंड केला, आणि हॅन्सेन यांनी आपल्या कृत्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. एका सभ्य व विचारी गृहस्थाच्या हातून हे घडावे, यावरून अनागतावरील ममत्व किती बलवान असते ते ध्यानी येते. ज्या विषयात जाहीर बोलण्याची घाई झाली होती त्याच विषयात पुढे लपवण्याची वेळ आली, याचे कारण दोन्ही ठिकाणी वाणी ऐकणाऱ्यांच्या हितापेक्षा इष्ट फळाच्या सेवेत राहिली.

महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतात. त्याने सत्यव्रताच्या अभिमानाने दस्यूंना पळालेल्या लोकांची वाट दाखवली, ते लोक मारले गेले, आणि सत्यच बोललेला तो तपस्वी नरकात गेला. ही कथा असत्य बोलावे असे शिकवीत नाही. बोललेल्या शब्दाचा जो परिणाम बोलणाऱ्याला सहज दिसण्याजोगा होता, त्याचे उत्तरदायित्व शब्दार्थाच्या आड लपून टळत नाही, असे ती सांगते. ‘मंजुरी लागेल हे आम्ही लिहिले होते’ हा बचाव कायद्याच्या कचेरीत चालेल. धर्माच्या कसोटीवर तो अपुरा पडतो. ज्या स्वरात प्राप्ती सांगितली त्याच स्वरात अट सांगितली पाहिजे. ज्या दिवशी करार जाहीर केला त्याच दिवशी, नकार आल्यास काय होईल, हेही जाहीर केले पाहिजे. आणि होकार येईपर्यंत आशेच्या नावाने कोणाकडून एक पैदेखील घेता कामा नये.

हे कर्तव्य एकट्या ग्राहकाचे नाही. विक्रेत्याने ज्या नगरीच्या प्रेमावर आपली संपत्ती वाढवली तिला निरोपाची वार्ता परक्याच्या पत्रकातून कळू देऊ नये. तिच्याशी त्याने आधी बोलावे. लीगनेही मंजुरीचा अधिकार बंद दारांआड मिरवू नये: अर्ज आला म्हणजे मुदत ठरवून द्यावी, संबंधित नगरींना समोरासमोर म्हणणे मांडू द्यावे, आणि निर्णय देताना कारणे सांगावीत, कारण ज्याच्या होकारासाठी इतरांनी थांबावयाचे त्याने त्यांना अकारण तिष्ठत ठेवणे, हाही एक अधर्मच आहे. २०१३ च्या त्या चार महिन्यांत सॅक्रामेंटोला निदान लढता आले. सिअ‍ॅटलच्या वाट्याला मात्र दुसऱ्यांदा निराशाच आली, आणि तिची भरपाई कोणत्याही निवाड्यात झाली नाही. करार मोडला तर विसाराचा हिशोब लागतो. पण आशा दाखवून ती मोडली तर तिचा हिशोब मांडणारे दप्तर कोणत्याही कचेरीत नाही, म्हणूनच तो हिशोब बोलणाऱ्याने बोलण्यापूर्वी स्वतःच्या मनाशी मांडून ठेवावा, आणि ज्यांचा होकार अजून यावयाचा आहे त्यांना प्रथम विचारून मगच जगाला सांगावे.